दोन बोटं जागा

हैदराबादचा माणूस म्हटल्यावर तुम्ही आता बिर्याणीची वाट बघत बसाल. बिर्याणी नाहीये. चारमिनार पण नाहीये. हा माणूस पान चघळत शेर ऐकवणारा, खांद्यावर हात टाकून "अरे मियाँ" म्हणणारा असेल असं वाटत असेल तर आत्ताच सांगतो, कौलासकर काकांना एकही शेर येत नाही, आणि पहिल्या भेटीत त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

वजन विचारलं.

मी चिक्कडपल्लीत त्यांच्या घराची वरची खोली बघायला आलो होतो. जिन्याच्या पायरीवर बसून ते एका मोटारीच्या चाकाला छातीचा डॉक्टर असल्यासारखे कान लावून होते. मान वर न करता म्हणाले, "वजन किती?"

"एक बॅग आहे आणि एक गादी."

"तुझं रे."

"अठ्ठावन्न."

आता त्यांनी मान वर केली. बाजारात बकरा बघतात तसं मला खालून वर पाहिलं. "चपलांसकट?"

"चपला काढून."

"चालेल," म्हणाले. माझं नाव, गाव, नोकरी, मी मांसमच्छी खातो का, सगळं नंतर. आधी वजन. माझ्याआधी म्हणे तीन पोरं येऊन गेली होती. एकजण त्र्याहत्तर निघाला, त्याला जिन्यावरनंच परत पाठवला.

मी मूळचा देगलूरचा. शाळेत अभ्यासापेक्षा नकला जास्त केल्या. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, कुकरची तिसरी शिट्टी, सायकल पंक्चर होताना होणारा आवाज, सगळं मला येतं. त्यामुळे आठवड्याभरात मला काकापण येऊ लागले. फार अवघड नाहीत ते. एक बोट वर करायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "ऐक." मग समोरचा ऐकतो. काही ऐकू येत नाही. मग आपणच म्हणायचं, "नाही. घासत नाही."

दुसरं वाक्य, "दोन बोटं जागा पाहिजे." हे त्यांचं सगळ्या विश्वाबद्दलचं मत आहे. ताटात भात आणि वरणाच्या मध्ये दोन बोटं जागा. पलंग आणि भिंतीच्या मध्ये दोन बोटं. मी खोलीत कपाट लावलं तर वर येऊन आधी भिंत आणि कपाटामध्ये बोटं घालून पाहिली. एकदा शेजारच्या नव्या जोडप्याचं कडाक्याचं भांडण चाललेलं, सगळी गल्ली कान देऊन होती. काका म्हणाले, "जागा कमी पडली. घासायला लागलं की समजायचं, जागा कमी पडली. टायर असो की नवरा."

टायरवरच आलोय तर गाडीबद्दल सांगतो. गाडी जुनी, छोटी, पांढरी. पांढरी म्हणजे खूप वेळा धुतलेल्या बनियनचा रंग असतो ना, तसली. आणि तिला खाली मोठ्ठी, चमचम करणारी अलॉय चाकं. आजोबांनी नातवाचे स्पोर्ट शूज घालून मुंजीला जावं तसं दिसायचं ते. कंपनीची चाकं होती बारकी. ती काढून काकांनी ही रुंद चाकं बसवली होती. आता रुंद चाक बसवलं की ते बाहेर येतं, आणि गाडीत वजन पडलं की मडगार्डची आतली कड टायरवर टेकते आणि घासते. हे सगळं मला काकांनीच शिकवलं. मडगार्डच्या आतून खडू फासायचा, चक्कर मारून यायचं, मग खाली वाकून बघायचं. खडू पुसला असेल तर घासतंय. नसेल तर नाही.

काकांचे गुडघे गेलेले, म्हणून वाकायचं काम माझं.

"बघ. पुसला काय?"

"नाही काका. जसाच्या तसा."

मला वाटायचं, माणूस खूश व्हायला पाहिजे. चाकं घासू नयेत यासाठीच तर एवढा आटापिटा. पण ते रंग उडाल्यासारखे घरात निघून जायचे.

पहिल्यांदा अंगावर काटा आला तो एका रविवारी. मी वर गॅलरीत दात घासत होतो. खाली काकांनी गाडी बाहेर काढली. भिंतीपासून एवढी लांब लावली की डावीकडचं दार पूर्ण उघडेल. मग उतरले, फिरून आले आणि मागचं डावं दार उघडून धरलं. गल्लीत कुणी नाही. घरात कुणी नाही, ते एकटेच राहतात. काका दार धरून उभे. थोडा वेळ तसेच उभे. मग सावकाश, कुणाचा पदर अडकू नये म्हणून लावतात तसं, दार लावलं आणि पुढं जाऊन बसले.

मी तोंडातला फेस गिळला.

हॉलमध्ये काकूंचा फोटो आहे. त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. मी त्यांना कधी बघितलं नाही, पण काकांच्या तोंडून त्या रोज घरात असायच्या. त्यांची एक गोष्ट काका न चुकता सांगतात आणि स्वतःच हसतात. दोघं गाडीतनं गौलीगुड्याला चालले होते, काकूंच्या बहिणीकडं. काकू कायम मागं डाव्या सीटवर. पुढं बसलं की म्हणे समोरची ट्रॅफिक अंगावर येते, आणि त्या नसलेला ब्रेक पायानं दाबत राहतात. पेट्रोल पंपावर थांबले, काकू पाणी प्यायला उतरल्या, काका पैसे देऊन निघाले. पुढच्या कोठी चौकापर्यंत काका बोलत होते. साडू किती चिक्कू आहे, मेहुणी किती तिखट करते, सगळं. उत्तर येईना म्हणून चिडले. "ऐकायलीस का झोपलीस," म्हणून मागं बघतात तर सीट रिकामी.

"मग?"

"मग काय. पंपावर परत गेलो तर ही स्टुलावर बसून त्या पोराला अंबाडीची भाजी कशी करायची ते सांगायली. मला म्हणाली, आलात? बरं झालं. निघताना मी बसले की नाही एवढं तरी बघत जा."

त्यानंतर ही चाकं आली. कुणाच्या तरी लग्नात नवरदेवाच्या गाडीला असली चाकं होती. काकूंनी जन्मात कधी साडी मागितली नाही की बांगडी मागितली नाही, पण परत येताना म्हणाल्या, आपल्या गाडीला पण असली चमचम बसवा की हो. काका दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडं. आणि बसवल्या दिवसापासून काकू मागं बसल्या की वळणावर घास्सस. काका वैतागले. म्हणाले, तू बसलीस की घासतं. काकू म्हणाल्या, "चांगलं आहे की. मी गाडीत आहे हे तुम्हाला कळतं तरी."

हे सांगताना काका हसत नाहीत. बोट वर करतात, डोळे बारीक करतात. "ऐक," म्हणतात. मी ऐकतो. पंखा फिरत असतो.

मग एक दिवस मला गाडीत बसायचं आमंत्रण आलं. आमंत्रण कसलं, हुकूमच. "रविवारी चल गौलीगुड्याला. मागं बस. डावीकडं." माझ्या मांडीवर स्टीलचा डबा ठेवला, आत अंबाडीची भाजी, काकांनी स्वतः केलेली, अजून गरम. "डबा दोन्ही हातानं धरायचा. बोलायचं नाही. मोबाइल नक्को."

मी बसलो. काका दार धरून उभेच.

"बसलो, काका."

"हौ, कळलं," म्हणाले, आणि तरी उभे. माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या शेजारी बघत होते. मग दार सावकाश लावलं.

रस्ताभर मी आरशात त्यांचे डोळे बघत होतो. कारण आरसा रस्त्यावर लावलेलाच नव्हता. मागची काच दिसत नव्हती त्यात, मागची डावी सीट दिसत होती. गौलीगुड्यात देवळापाशी उजवीकडं वळण आहे, वळणावरच एक उंचवटा. तिथं त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि मान तिरकी केली. गाडी डावीकडं झुकली. काही नाही. मागचा ऑटोवाला तेलुगूत आमच्या घराण्याची चौकशी करून गेला.

असे बरेच रविवार गेले. दरवेळी काकूंच्याच वजनाचा, अठ्ठावन्न किलोचा मी, गरम डबा, उघडं धरलेलं दार, आणि देवळाच्या वळणावर काही नाही.

शेवटी मी टायरवाल्या खाजाभाईला गाठलं. हवा भरता भरता विचारलं, "खाजाभाई, काकांची चाकं घासतच नाहीत, मग ते एवढे परेशान का?"

खाजाभाईनं पाइप खाली ठेवला. "अरे मियाँ, वोइच तो परेशानी है. वो आके बोलते, खाजा, घिसाओ. सारी दुनिया आती, घिसरा है बंद करो बोलके. येइच एक साब हैं जो चालू करो बोलते."

मग कळलं. काकू गेल्यावर पुण्याहून त्यांची मुलगी वैजूताई आली होती. बाबांना उगीच त्रास नको म्हणून तिनं प्रेमानं गाडी दुरुस्तीला दिली, आणि खाजाभाईनं मडगार्डची कड आतून दुमडून टाकली. आवाज बंद. काका गाडी घेऊन निघाले, देवळापाशी वळले, आणि त्यांना वाटलं की काकू पंपावर राहिल्या. खाजाभाई म्हणाला, त्या दिवशी खरंच ते तिथनं परत फिरून पंपावर जाऊन आले.

"आता एका माणसानं नाही घासणार?"

"एक से नै होता. लेफ्ट में दो बिठाओ, तो शायद. मैं साब को बोला भी. साब बोले, दो कैसे? वो तो अकेली बैठती थी."

त्या रात्री मी नक्कल कुणाचीच केली नाही.

पुढं गोष्ट अशी झाली की वैजूताई आली. शेजाऱ्यांनी तिला कळवलं होतं, तुझे वडील गाडी चालवताना समोर बघत नाहीत. ती त्यांच्यासोबत एक चक्कर मारून आली आणि पांढरीफटक पडून वर माझ्या खोलीत आली. "अरे, बाबा आरशात रस्ता बघतच नाहीत. मागची सीट बघतात. आणि मी पुढं बसले होते."

तिनं ठरवून टाकलं. सोमवारी खाजाभाई जुनी बारकी चाकं बसवणार, ही चमचम काढणार. बारक्या चाकांना घासायचा प्रश्नच नाही, दोघं बसवा की चौघं. मला वाटलं काका भांडतील. काका म्हणाले, "बरं." फक्त रविवारी सकाळी स्वतः खाली बसून, गुडघे कुरकुरत, मडगार्डच्या आतून खडू फासला. मला करू दिलं नाही.

त्या रविवारी दुपारी निघालो. मला तिकडनं पुढं सिकंदराबादला मित्राकडं जायचं होतं म्हणून सॅक सोबत घेतली होती, ती सीटवर शेजारी ठेवली. लॅपटॉप, कपडे, भरपूर फुगलेली. काका दार धरून उभे राहिले. आज नेहमीपेक्षा जास्त वेळ. सॅककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दार लावलं.

दुपारची वेळ, ऊन असं की रस्त्यावर सावलीसुद्धा दुकानाच्या शटरला चिकटून उभी. काचीगुडा आलं तरी काकांचं तेच. आरशात डोळे. मी त्या डोळ्यांकडं बघत होतो आणि मला एकदम कळलं की ते मला बघत नाहीत. माझ्या अगदी बाजूला, सॅकच्या वर, बघतायत. आणि ते डोळे असे, की बस स्टँडवर शेवटची गाडी सुटताना माणूस आत कुणाला शोधतो तसे.

मला राहवलं नाही. आज नाही तर कधीच नाही, असं डोक्यात आलं. गाडी डावीकडं वळत होती. मी तोंड खिडकीकडं केलं, जीभ टाळ्याला लावली आणि केला आवाज. घास्सस. सांगतो तुम्हाला, फार सुंदर झाला. मडगार्डसुद्धा फसलं असतं.

काकांनी पाय काढला. गाडी हळू झाली. आरशातले डोळे सॅकवरनं सरकून माझ्यावर आले आणि थांबले. मी डब्याच्या झाकणाकडं बघत बसलो. कान गरम झाले होते, डबाही गरम होता, जास्त गरम कोण ते ठरवता येईना.

मग सुलतान बाजार, मग गौलीगुडा. दुकानं बंद. देऊळ आलं. काकांनी उजवीकडं वळवलं, उंचवट्यावर चाक चढलं, गाडी डावीकडं झुकली.

मी तोंड घट्ट मिटलं होतं. हे मी शपथेवर सांगतो. खालचा ओठ दातात धरला होता.

आणि माझ्या मांडीखालून, सीटच्या आतनं, लांबलचक, सावकाश, आवाज आला. माझ्यापेक्षा जाड. माझ्यात ती खरखर नव्हती. सीट हलकेच दबली, जशी शेजारी कुणी नीट होऊन बसल्यावर दबते. सॅक माझ्या बाजूला कलंडली, आणि मी दाराला चिकटलो.

"बसलीस ना नीट?" काका म्हणाले. मागं न बघता. त्यांनी हात वर केला आणि आरसा सरळ केला, रस्त्यावर लावला. आणि मग त्यांनी गाडी अशी चालवली की तशी चालवताना मी त्यांना आजपर्यंत कधी बघितलं नव्हतं. समोर बघत, सरळ, आरामात, साडू किती चिक्कू होता ते सांगत.

काकूंच्या बहिणीच्या, म्हणजे मावशींच्या दारात गाडी थांबली. मी उतरलो. आधी खाली वाकलो. मागच्या डाव्या मडगार्डच्या आतला खडू पुसला होता, आणि टायरच्या कडेला पांढरी रेघ होती, बोटाएवढी रुंद.

"काका," मी म्हणालो, "काका, तो दुसरा आवाज..."

काकांनी मला बाजूला घेतलं, भिंतीला टेकवलं आणि असलं झापलं की देगलूरच्या हेडमास्तरांनी पण कधी झापलं नव्हतं. आवाज खालचा, मावशींना ऐकू जाऊ नये म्हणून.

"गाढवा. डाव्या वळणाला डावं चाक घासतं काय कधी? उजवीकडं वळलं की गाडी डावीकडं झुकते, मग घासतं. एवढे रविवार काय शिकवलं तुला? नकला करायच्या तर अभ्यास करून कर की."

"काका, पण दुसरा मी नाही..."

"दुसऱ्याचं तुला कोण विचारायलंय? दुसरा मला ठाऊक आहे." माझ्या हातातनं डबा घेतला, झाकण दाबून बघितलं. "हे बघ, तिरका धरलास. तेल आलंय बाहेर. आणि ते थैलं. ते थैलं कशाला ठेवलंस सीटवर? मी दार धरून उभा होतो, दिसलं नाही तुला? सरकायचं कळत नाही? गुडघे दुखतात तिचे, चढताना किती अवघड गेलं असेल. तिथंच तू पसरून बसलेला. उद्या वैजू चाकं काढायलीय, काढू दे, माझं काही म्हणणं नाही. पण तू शाळेत गेलास ना रे? कुणी शिकवलं नाही तुला? बाईमाणूस बसणार असेल तर जरा अंग चोरून बसावं. दोन बोटं तरी जागा ठेवावी."